रजेचे दिवस आणि नॅन्सीचे आरमार

नोकरदार मनुष्य आपली रजा कशी खर्च करतो, यावरून त्याच्या मनाची जितकी ओळख पटते, तितकी त्याच्या नोकरीवरून पटत नाही. नोकरी ही बहुधा मिळाली म्हणून पत्करलेली असते; रजेचा दिवस मात्र त्याचा स्वतःचा असतो. आपल्याकडे हा दिवस लग्नकार्ये, आजारपणे, गावची जत्रा आणि मुलांच्या परीक्षा यांच्या वाट्याला जातो. अमेरिकेत मात्र कारकून, शिक्षक, परिचारिका, निवृत्त मंडळी अशांचा एक लहानसा वर्ग गेली कित्येक दशके आपल्या मोजक्या रजेतील काही दिवस एका वेगळ्याच कार्यासाठी राखून ठेवीत आला आहे. ते कार्य म्हणजे आपल्या आवडत्या व्यावसायिक महिला गोल्फपटूच्या मागोमाग मैदानातून तासन्‌तास पायी चालणे. वरवर पाहता हा एक निरुपद्रवी छंद वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी श्रम, विश्रांती आणि निष्ठा यांविषयीचा एक विचार दडलेला आहे आणि तो पारखून पाहण्याजोगा आहे.

या छंदाची किंमत समजण्यासाठी अमेरिकेतील रजेची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा हा कामगाराचा हक्क ठरविला. अमेरिकेचा १९३८ चा श्रमविषयक मूळ कायदा किमान वेतन ठरवितो, जादा तासांचा मोबदला ठरवितो. पण पगारी सुट्टीविषयी तो मालकावर कोणतेही बंधन घालीत नाही. जी रजा मिळते ती मालक आणि नोकर यांच्यातील करारावर अवलंबून असते आणि सामान्य नोकरदाराच्या हाती वर्षाकाठी दोन आठवडे पडले तरी ते पुष्कळ मानले जातात. अशा मनुष्याने त्यांतील दोन-चार दिवस काढून एखाद्या परक्या गावी जावे, पदरमोड करून तिकीट घ्यावे आणि उन्हातान्हात एका स्त्रीचा खेळ पाहत चालावे, ही गोष्ट लहान नव्हे.

शिवाय हा सौदा बिनधोक्याचा नाही. गोल्फच्या मोठ्या स्पर्धा सामान्यतः चार दिवस चालतात. गुरुवारी त्यांचा आरंभ होतो आणि रविवारी शेवट. पहिले दोन दिवस कामाचे असल्यामुळे रजा टाकल्यावाचून ते पाहता येत नाहीत. शुक्रवारी सायंकाळी दोन फेऱ्यांचे फटके मोजले जातात आणि खेळाडूंपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांची छाटणी होते. ज्या खेळाडूसाठी शेकडो मैल तुडवीत यावे, तिने दोन दिवसांत चार फटके जास्त मारले तर शनिवारी सकाळी ती सामान बांधून पुढच्या गावाला निघून गेलेली असते. रजा मात्र परत मिळत नाही. तरीही पुढल्या वर्षी हीच मंडळी पुन्हा अर्ज करतात.

दोरीच्या बाहेरची वाट

याचे कारण गोल्फच्या प्रेक्षकपणातच आहे. क्रिकेट, फुटबॉल वा टेनिसचा प्रेक्षक एका जागी बसतो आणि खेळ त्याच्यापुढे घडतो. गोल्फमध्ये खेळच चालत असतो. अठरा होलांचे मैदान साडेपाच-सहा किलोमीटर लांबीचे. वळणे, चढउतार आणि एका होलाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट धरली, तर प्रेक्षकाच्या पायांखालून एका फेरीत आठ-दहा किलोमीटर सहज जातात. साडेचार-पाच तास हा क्रम चालतो. मध्ये असते ती केवळ एक दोरी. वारकऱ्याला एवढे तरी ठाऊक असते की, विठ्ठल विटेवरून हलणार नाही. येथे दैवत स्वतःच पुढे चालत असते आणि भक्ताला पाऊल उचलावे लागते.

या चालण्याचे एक शास्त्र आहे. जाणता प्रेक्षक खेळाडूच्या मागे रेंगाळत नाही. तो अर्धा होल पुढे जाऊन चेंडू जेथे पडणार तेथे उभा राहतो. स्वयंसेवकाने हात वर केला की त्याचे पाऊल जागच्या जागी थांबते. चेंडूवर फटका पडेपर्यंत तो खोकत नाही, कॅमेऱ्याची कळ दाबीत नाही. त्याला वारा कोणत्या दिशेचा आहे हे कळू लागते आणि आपल्या खेळाडूने कॅडीशी बोलून एक क्लब परत ठेवून दुसरा का घेतला, याचाही तर्क करता येऊ लागतो. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांत नामवंत खेळाडूभोवती पाच-सहा रांगांची गर्दी असते. महिलांच्या स्पर्धेत, विशेषतः गुरुवारी सकाळी, एखाद्या खेळाडूमागे वीस-पंचवीसच माणसे असतात. तिची आई, कोणी मैत्रीण आणि हे रजा काढून आलेले. अशा वेळी चुकलेल्या फटक्यानंतरचा तिचा उसासादेखील दोरीपलीकडे ऐकू येतो.

महिला गोल्फची उभारणीच या जवळिकीवर झाली आहे. १९५० साली तेरा स्त्रियांनी एकत्र येऊन ‘लेडीज प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन’ स्थापन केली. बेब झहारियस, पॅटी बर्ग, लुईस सग्ज, मॅरिलिन स्मिथ ही त्यांतील ठळक नावे. त्या काळी या खेळाडू स्वतः मोटारी हाकीत गावोगाव जात, मैदानाची आखणी आणि पत्रव्यवहारही आपणच करीत आणि स्पर्धेला प्रेक्षक यावेत म्हणून बेसबॉलच्या व मुष्टियुद्धाच्या सामन्यांत जाऊन लोकांना आमंत्रण देत. प्रेक्षक हा त्यांच्या दृष्टीने गृहीत धरण्याचा घटक नव्हता. तो एकेक करून मिळवावा लागला.

आरमाराचा जन्म

या गर्दीला खरे रूप आले ते १९७८ साली. नॅन्सी लोपेझ ही एकवीस वर्षांची तरुणी त्या वर्षी व्यावसायिक म्हणून पहिला पूर्ण हंगाम खेळत होती. मेक्सिकन वंशाच्या कुटुंबात ती वाढली. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल गावी तिच्या वडिलांचे मोटारींचे पत्रे दुरुस्त करण्याचे दुकान होते. धनिकांच्या क्लबात नव्हे, तर सार्वजनिक मैदानावर वडिलांच्या हाताखाली ती खेळ शिकली आणि बाराव्या वर्षी राज्याची हौशी महिला स्पर्धा जिंकून मोकळी झाली. १९७८ च्या हंगामात तिने नऊ स्पर्धा जिंकल्या. त्यांतील पाच तर खेळलेल्या सलग स्पर्धा होत्या. सर्वोत्तम नवोदित, सर्वोत्तम खेळाडू आणि सरासरी सर्वांत कमी फटक्यांचा व्हेअर करंडक हे तिन्ही मान तिने एकाच वर्षी मिळविले.

पुरुषांत अर्नॉल्ड पामर याच्या मागे चालणाऱ्या गर्दीला ‘अर्नीची सेना’ म्हणत. त्याच चालीवर लोपेझच्या मागे लोटणाऱ्या जनसमुदायाला ‘नॅन्सीचे आरमार’ हे नाव पडले. आरमार हे विनोदाने म्हटले, तरी त्यातील अर्थ खोटा नव्हता. ज्या मैदानांवर पूर्वी स्वयंसेवक अधिक आणि प्रेक्षक कमी असत, तेथे दोऱ्या आवराव्यात इतकी माणसे येऊ लागली. तरीही त्या वर्षी तिची बक्षिसांची कमाई सुमारे १ लाख ९० हजार डॉलर होती, तर पुरुषांत अग्रभागी असलेल्या टॉम वॉटसनची सुमारे ३ लाख ६२ हजार. गर्दी आली, समान मोल मात्र आले नाही.

त्याच वर्षी जून महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे, सलग पाचव्या विजयाच्या वाटेवर असताना, तिचा एक फटका भरकटला आणि चेंडू एका प्रेक्षकाच्या डोक्यावर आदळला. तो पेशाने दंतवैद्य होता. जमिनीवर पडलेला मनुष्य पाहून लोपेझला रडू कोसळले. पण ज्याला मार लागला होता त्यानेच तिची समजूत काढली. डोळे पुसून ती पुढे खेळली आणि ती स्पर्धा जिंकली. दोरीच्या दोन्ही बाजूंचे अंतर किती थोडे होते, हे या प्रसंगावरून दिसते. रॉचेस्टरने पुढे तिला आपली मानले. १९८० आणि १९८१ सालीही ती तेथे जिंकली. त्या मध्यम आकाराच्या गावाने ही वार्षिक स्पर्धा १९७७ पासून २०१४ पर्यंत जपली.

आक्षेप आणि उत्तर

या साऱ्यावर आक्षेप घेता येतील आणि ते अगदीच पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा की, गोल्फ हा धनिकांचा खेळ आहे. शेकडो एकर जमीन आणि अमाप पाणी मूठभरांच्या करमणुकीसाठी अडवून ठेवणाऱ्या खेळामागे सामान्य नोकरदाराने का धावावे? हा आक्षेप खेळाच्या व्यवस्थेवर लागू पडतो. त्याचे उत्तर व्यवस्थेनेच द्यावयास हवे. परंतु पत्रे ठोकणाऱ्याची मुलगी जेव्हा या खेळात शिखरावर जाते, तेव्हा तिच्या मागे चालणारा नोकरदार धनिकांचे वैभव पाहण्यासाठी आलेला नसतो. त्याच्यासारख्याच घरातून आलेल्या व्यक्तीचे कर्तृत्व तो पाहत असतो.

दुसरा आक्षेप व्यक्तिपूजेचा. तो अधिक गंभीर आहे. मात्र पूजा आणि पारख यांत फरक करावा लागतो. ज्याला केवळ विजयाची झळाळी हवी, त्याला दूरचित्रवाणी पुरेशी आहे. पडद्यावर आघाडीच्या पाच-सहा खेळाडू दिसतात. चाळिसाव्या क्रमांकावर झगडणारी खेळाडू कॅमेऱ्याला दिसत नाही. तिची फेरी आरंभापासून अखेरपर्यंत पाहणारी माणसे म्हणजे तिच्यामागे चालणारी तेवढी मूठभर मंडळी. तिचे फसलेले फटके आणि झाडीतून काढलेला चेंडू त्यांनीच पाहिलेला असतो. जी निष्ठा पराभवाचाही हिशेब ठेवते, तिला आंधळी म्हणता येत नाही.

याची कसोटी १९९७ साली ओरेगन राज्यातील पम्पकिन रिज येथे लागली. लोपेझने कारकिर्दीत एकंदर ४८ अधिकृत स्पर्धा जिंकल्या, पण अमेरिकन महिला खुली स्पर्धा तिला कधीच मिळाली नाही. १९७५, १९७७ आणि १९८९ या तीन साली ती दुसरी आली होती. आता ती चाळीस वर्षांची, तीन मुलींची आई होती. त्या स्पर्धेत तिने ६९, ६८, ६९, ६९ असे खेळून चारही फेऱ्या सत्तरीच्या आत पूर्ण केल्या. या स्पर्धेच्या इतिहासात असे पूर्वी कोणीच केले नव्हते. तरी इंग्लंडच्या ॲलिसन निकोलसचे २७४ आणि तिचे २७५ फटके झाले. अखेरच्या हिरवळीवर बरोबरी साधून देणारा चेंडू होलात गेला नाही. बहुसंख्य प्रेक्षक तिच्या बाजूचे होते. त्यांच्या पदरी चौथ्यांदा तीच निराशा आली. रजा खर्चून जे तेथे गेले, त्यांनी काय मिळविले? विजय मुळीच नाही. उत्कृष्ट खेळूनही मनुष्य हरू शकतो आणि हरूनही ताठ मानेने मैदानाबाहेर येऊ शकतो, एवढे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. कचेरीत आणि शाळेत परतणाऱ्या मनुष्याला हे ज्ञान निरुपयोगी नसते.

रिकामे मैदान

भारतीय वाचकाला या गोष्टीचा अनुभव एकदाच, आणि तोही उलट बाजूने, आला आहे. ७ ऑगस्ट २०२१ रोजी, टोकियो ऑलिंपिकच्या अखेरच्या फेरीत, बंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर होती. गोल्फचे नियमही ज्यांना धड ठाऊक नव्हते, अशी असंख्य माणसे त्या शनिवारी पहाटेपासून पडद्यासमोर बसून होती. एका फटक्याने तिचे कांस्यपदक हुकले आणि ती चौथी आली. महासाथीमुळे कासुमिगासेकीच्या त्या मैदानावर प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. तिची आई कॅडी म्हणून पिशवी वाहत होती. दोरीपलीकडे मात्र टाळी देणारा एकही देशबांधव नव्हता. दुसऱ्या दिवशी कौतुकाचा पूर आला आणि थोड्याच दिवसांत ओसरला. पुढच्या गुरुवारी, कोठल्याशा दूरच्या गावी, ती पुन्हा खेळू लागली तेव्हा तिचे फटके मोजणारे किती उरले?

क्षणिक कौतुक आणि सातत्याची सोबत यांतील अंतर येथे स्पष्ट होते. कौतुक फुकट मिळते म्हणून ते विपुल असते. सोबतीला दिवस द्यावा लागतो आणि नोकरदाराजवळ देण्यासारखे जर काही खरोखर स्वतःचे असेल, तर तो दिवसच. ज्या स्त्रियांच्या खेळाला वर्तमानपत्रांनी कोपऱ्यातली जागा दिली आणि धनकोंनी निम्मे मोल दिले, त्या खेळाला या अनामिक पायी चालणाऱ्यांनी आपल्या रजेतले दिवस दिले आहेत. आपल्याकडे मुलींच्या कबड्डीचे, खो-खोचे, हॉकीचे सामने जिल्ह्याच्या मैदानांवर रिकाम्या बाकांसमोर होत असतात आणि पदक आले की सत्काराचे मंडप उभे राहतात. मंडपाचा खर्च संस्था करतील. बाके भरण्याचे काम मात्र कोणत्याही संस्थेला करता येणार नाही. ते एखाद्या शिक्षकाने, एखाद्या कारकुनाने, एक दिवसाची किरकोळ रजा टाकूनच करावे लागेल.