फिशन की फ्यूजन?

‘जैतापूरला सूर्यासारखी वीज तयार होणार’, असे आमच्या राजापुरातल्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले. मुलगा अभ्यासू, घोटाळा केला तो स्पेलिंगने! ‘फिशन’ आणि ‘फ्यूजन’ या इंग्रजी शब्दांचे पहिले अक्षर एक, शेवटची चारही तीच. अर्थ मात्र अगदी उलटे.

फिशनचे मूळ लॅटिनमधल्या ‘चिरणे’ या अर्थाच्या धातूत आहे. डॉक्टर भेगेला ‘फिशर’ म्हणतात, तो याचाच भाऊबंद. युरेनियमचे जड अणुकेंद्र दुभंगते, ते फिशन, म्हणजे विखंडन. १९३९ साली फ्रिश यांनी हे नाव जीवशास्त्रातल्या पेशीविभाजनावरून उचलले. फ्यूजनच्या मुळाशी ‘वितळणे, ओतणे’ हा अर्थ आहे. घरातला फ्यूज वितळतो ना, तोच हा शब्द! हायड्रोजनची अणुकेंद्रे एकजीव होऊन हेलियम बनतो, ते फ्यूजन, म्हणजे संमीलन. सूर्यात हेच चालते.

आपल्या तालुक्यात माडबनला नियोजित असलेल्या, प्रत्येकी सुमारे १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या फिशनच्या आहेत. फिशनमध्ये अणुकेंद्राचे जे तुकडे उरतात, ते किरणोत्सारी असतात. हेलियम तसा नसतो. गावात या प्रकल्पावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना हा फरक ठाऊक हवा. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या संमीलन-प्रयोगात भारतही भागीदार आहे. पण संमीलनावर चालणारे वीजकेंद्र जगात अजून एकही नाही.