उजेड पाल्याला, अंधार कंदाला

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर, बटाटा पावसाळ्यात घेतात. बटाटा म्हणजे मूळ नव्हे, तर जमिनीखाली फुगलेलं खोड. उजेड लागला की खोड हिरवं होतं आणि बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. म्हणून लावणीपासून साठवणीपर्यंतची बरीच कामं कंदाला ऊन लागू नये यासाठीच असतात.

अपवाद एकच, बेणं. शीतगृहातून आणलेलं बेणं लावणीआधी सावलीत, मंद उजेडात पातळ पसरून ठेवतात. तिथे डोळ्यांतून आखूड, जाड, टणक कोंब येतात. पूर्ण अंधारातले कोंब लांब आणि पांढरे होतात, हात लागताच मोडतात. हे बेणं बहुतेक पंजाबातून येतं. घरचंच बेणं वर्षानुवर्षे लावलं, तर मावा किडीमुळे पसरणारे विषाणूजन्य रोग त्यात साठत जातात आणि उतारा घटतो. पावसाळ्यात कापलेली फोड ओल्या मातीत कुजते, म्हणून लहान, अख्खे बटाटे निवडतात.

जून-जुलैत चांगला पाऊस झाला की वापसा येण्याची, म्हणजे ओली माती मशागतीजोगी होण्याची, वाट पाहतात. एकजण बैलांनी सरी पाडतो, मागून घरातलं कुणी वीतभर अंतरावर बेणं टाकत जातं, आणि पुढच्या तासाची माती त्यावर येते.

महिनाभरात रोपं उभी राहतात. मग खुरपणी आणि पाठोपाठ भर, म्हणजे झाडाच्या बुडाशी माती चढवणं. या पिकाचं हे सगळ्यांत मोलाचं काम. झाडाच्या बुडातून जमिनीखाली आडव्या फांद्या फुटतात आणि त्यांच्या टोकाला बटाटा धरतो. फांदी उघडी पडली, तर तिला बटाट्याऐवजी पानं येतात. वाढता बटाटा उघडा पडला, तर तो हिरवा होतो आणि पाकोळी, म्हणजे बटाट्यावरचा पतंग, त्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते. बटाटा पोसायला रात्रीचा गारवाही लागतो. रात्रीचं तापमान २० अंशांच्या आसपास किंवा खाली असेल, तर बटाटा चांगला भरतो. ढगाळ, दमट हवेत मात्र करपा पाला जाळून टाकतो, आणि पाला गेला की बटाटा पोसायचा थांबतो.

तीनेक महिन्यांत पाला पिवळा पडतो. तो कापून आठ-दहा दिवस पीक तसंच जमिनीत ठेवतात. तेवढ्यात साल घट्ट होते. कोवळ्या सालीचा बटाटा काढताना सोलपटतो आणि मग लवकर सडतो. त्यानंतर नांगर घालतात, बायामाणसं मागून वेचत जातात, कापलेले आणि हिरवे बटाटे बाजूला काढतात.

लगेच विकायचा नसलेला माल आरणीत जातो. झाडाच्या सावलीत बटाट्याचा ढीग लावून तो वाळलेल्या पाल्यानं जाड झाकला की झाली आरण. ऊन आणि पाकोळी बाहेर राहतात, वारा मात्र खेळता राहतो. तरी मुदत थोडीच. काढणीनंतर साधारण दोन-अडीच महिन्यांत बटाट्याची झोप संपते आणि अंधारातही डोळे फुटू लागतात. त्यामुळे भाव वाढेल म्हणून थांबणाऱ्यालाही त्याआधी आरण मोडावीच लागते.