धातूची फ्रेम आणि मोबाईलच्या लहरी

‘धातूची फ्रेम मोबाईलच्या लहरी ओढून घेते, प्लास्टिकचीच घ्या’ हा सल्ला डहाणूतल्या मसोलीपासून मुंबईपर्यंत कुठेही कानावर पडतो. धातू लहरी ओढून घेत नाही. लहर आदळली की त्यात बारीकसा विद्युतप्रवाह खेळतो, आणि त्यामुळे आसपासचं क्षेत्र कुठे वाढतं, कुठे घटतं. किती, हे धातूच्या लांबीवर आणि लहरीच्या लांबीवर ठरतं; धातू लहरीच्या साधारण निम्म्या लांबीचा असला की परिणाम जास्त. 900 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 33 सेंटिमीटरची, तिची निम्मी लांबी साडेसोळा. चष्म्याची काडी साधारण 14 सेंटिमीटरची. म्हणजे शंका अगदीच खुळी नाही. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2004 मध्ये संगणकावर डोकं आणि चष्मा उभा करून हे तपासलं. काही वारंवारितांना डोळ्यातलं शोषण वाढलं, काहींना फ्रेमचा उलट आडोसाच झाला.

मग फ्रेम बदलायची का? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. डोक्यात ऊर्जा शोषली जाण्याचा दर म्हणजे ‘सार’ (SAR). भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून त्याची मर्यादा किलोमागे 1.6 वॅट आहे. तो मोजताना द्रव भरलेल्या, डोक्याच्या आकाराच्या साच्याजवळ फोन पूर्ण शक्तीवर चालवतात. साच्याला चष्मा नसतो, ही उणीव खरी. पण मर्यादेतच सुरक्षिततेसाठी मोठं अंतर राखलेलं असतं, आणि रोजच्या बोलण्यात फोन पूर्ण शक्तीवर क्वचितच जातो.

कधी जातो? रेंज नसली की. लक्ष द्यायला हवं ते इथे. टॉवर जवळ असला तर फोन आपली शक्ती शेकडो पटींनी उतरवतो. डोंगराआडच्या पाड्यावर सिग्नलची एकच काडी दिसत असताना तो जोर लावतो. म्हणूनच ‘टॉवर लांब असला की आपण सुरक्षित’ ही समजूत कानाला लावलेल्या फोनच्या बाबतीत उलटी पडते. रेंज कमी असेल तेव्हा स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरा. फोन वीतभर लांब गेला तरी शोषण झपाट्याने घटतं.

कर्करोगाची भीतीही यातच मिसळलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये या लहरींना ‘शक्यता आहे’ एवढ्याच गटात टाकलं. त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

‘रेडिएशन अडवणाऱ्या’ काचांवर मात्र पैसे घालवू नका. ब्लू-कट लेप निळा प्रकाश थोडा गाळतो, मोबाईलच्या लहरी त्यातून आरपार जातात. फोनला चिकटवायचा असाच ‘रेडिएशन अडवणारा’ स्टिकर अँटेनाच्या आड आला, तर फोन शक्ती वाढवूनच बोलतो.