चवदार तळं शाळेच्या रंगमंचावर

स्नेहसंमेलनात ऐतिहासिक नाटुकलं बसवायचं ठरलं की आधी दाढीमिशा आणि फेट्यांची जमवाजमव सुरू होते. पण तिची झळ लागलेल्यांची पतवंडंच समोर बसणार असतील अशी घटना निवडली, तर सुरुवात वेगळीकडून करावी लागते. महाडचा सत्याग्रह घ्या.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केलं, तेही कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग, हे लोक आता देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेच्या मंडपात जेवणाऱ्यांवर हल्ला झाला.

शिक्षकाची खरी परीक्षा पात्रवाटपात असते. आडनावं बघून भूमिका दिल्यात, तर नाटकानं जे मोडायचं तेच आपण वर्गात मांडलं! चिठ्ठ्या टाकाव्यात आणि तालमींत अदलाबदल करावी. आज पाणी पिणारा उद्या लाठी घेऊन उभा राहील. त्या लाठीवाल्याला राक्षसी हसू देऊ नका. तो बाजारातला रोजचाच माणूस होता, हे मुलांना कळू द्या.

मारामारी रंगमंचावर नकोच. मुलं हसतात, प्रेक्षक टाळ्या पिटतात. अंधार करावा आणि उजेडात फक्त सांडलेलं जेवण दाखवावं. संवाद रचायचे ते अनाम पात्रांसाठी. बाबासाहेबांच्या तोंडी मात्र त्यांच्या छापील भाषणांतलीच वाक्यं द्यावीत, हवी तर थोडी.

पाणी पिण्याच्या क्षणी पार्श्वसंगीत बंद. घंगाळात खरं पाणी ठेवा. ओंजळीतून ते निथळताना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला हवं. मुलं इथे घाई करतात. त्यांना थांबायला शिकवण्यात दोन तालमी गेल्या तरी चालतील.

बहुतेक जण पडदा इथेच पाडतात. तसं करू नये. पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, १०८ घागरी ओतून. मंचावर एकच घागर पुरे, एका मुलानं ती पुन्हा पुन्हा रिती करावी आणि दुसऱ्यानं मोजावं. मोजणी चालू असतानाच निवेदकानं सांगावं, की उच्च न्यायालयाचा निकाल आला तो १९३७ साली.