गच्चीच्या पाइपाला जाळी कोणती लावायची?

यूट्यूबवर 'गटर गार्ड' शोधलं की अमेरिकेतली उतरती छपरं दिसतात. कडेला लांब पन्हाळ, त्यावर जाळी. आपल्या जळगाव-धुळ्याकडे बहुतेक नवी घरं सपाट स्लॅबची. त्यामुळे आपला गटर गार्ड म्हणजे गच्चीच्या कोपऱ्यातल्या चार इंची पाइपाच्या तोंडावरची जाळी. ते तोंड तुंबलं, की झाला गच्चीचा तलाव.

हे किती सिरीयस आहे? 1000 चौरस फूट गच्चीवर 4 इंच पाणी साचलं, तर ते साधारण 9400 लिटर होतं. म्हणजे नऊ टनांच्या वर वजन, थेट तुमच्या डोक्यावर! स्लॅब लगेच पडत नाही, पण ओल धरते, पोपडे सुटतात, आतली सळई गंजते. आठवडाभर पाणी राहिलं तर डेंग्यूचे डासही तिथेच.

आपल्याकडे कचराही खास असतो. संक्रांतीचा मांजा, फेब्रुवारी-मार्चमधली निंबाची पानगळ, कबुतरांची पिसं, मे महिन्यातल्या वावटळीची धूळ, कुरडया वाळवलेल्या प्लॅस्टिकचे तुकडे. हे सगळं पहिल्या जोरदार सरीत एकदम पाइपाकडे धावतं.

म्हणूनच सपाट जाळी घेऊ नका. एक कॅरीबॅग येऊन बसली की विषय संपला. टोपीसारखी वर फुगलेली डोम जाळी घ्या. तिच्या पायाशी पानं अडकली तरी पाणी वरच्या भोकांतून जातं. सगळ्या भोकांची मोकळी जागा मिळून पाइपाच्या तोंडाच्या दीडपट तरी हवी. आणि मच्छरदाणीची बारीक जाळी तारेनं बांधायचा जुगाड तर अजिबात नको भो! निंबाची पानं नि धूळ मिळून तिच्यावर लेपच बसतो.

मटेरियल? आपल्याकडचं ऊन 43-44 अंशांचं. साधं प्लॅस्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं. स्टेनलेस स्टील किंवा बिडाची जाळी महाग पडते, पण टिकते.

बसवण्याआधी दोन बादल्या पाणी गच्चीवर ओता. ते पाइपाकडे न जाता दुसरीकडेच थांबलं, तर दोष उताराचा आहे. जाळीनं तो सुटणार नाही, आधी गवंडी बोलवा. उतार ठीक असेल तर पाइपाचं तोंड आतून साफ करा. जाळीचा घेर आजूबाजूच्या फरशीपेक्षा किंचित खाली बसला पाहिजे, नाहीतर कडेला पाणी अडतं. जाळी सिमेंटनं कायमची पक्की करू नका. स्क्रूची किंवा दाबून बसणारी घ्या, कारण ती काढून धुवावी लागतेच. 'लावली की साफसफाईची कटकट नाही' ही जाहिरातबाजी. आखाजी झाली की एकदा, पहिल्या पावसानंतर एकदा, आणि श्रावणात एकदा, एवढं करा.

आता माझा इंजिनिअरी हट्ट. गच्चीला एकच पाइप म्हणजे सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. कठड्यात, गच्चीच्या पातळीपासून दोनेक इंच वर, बाहेर पाणी टाकणारा एक जादा पाइप काढून घ्या. जाळी तुंबली तरी पाणी तिथून पडेल, आणि ते पडताना दिसलं की वर जायची वेळ झाली हे कळेल. जाळीपेक्षा मी याच्यावर आधी पैसे घालीन.

छताचं पाणी बोअरला सोडत असाल तर नुसती जाळी पुरत नाही. जाळी पानं अडवते, धूळ आणि कबुतरांची घाण नाही. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व्ह हवा, पुढे वाळू-खडीचा फिल्टर. जळगावात वर्षाला साधारण 700 मिमी पाऊस, धुळ्यात त्याहून कमी. 600 मिमी धरला आणि वीस टक्के वाया गेला, तरी त्याच 1000 फुटांवरून 44 हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं.

ज्यांच्याकडे पत्र्याचं शेड आणि पन्हाळ आहे, त्यांनी पन्हाळीला दर 10 फुटांना पाव ते अर्धा इंच उतार द्या. जाळी पन्हाळीच्या तोंडावर थोडी तिरपी बसवा, म्हणजे पानं वाऱ्यानं खाली पडतील. आणि सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन चढू नका. तो न सांगता फुटतो. शिडी लावा, खाली कुणाला तरी धरायला सांगा.