बिनटाक्याचा मोतीबिंदू

नेपाळचे नेत्रतज्ज्ञ डॉ. संदुक रुइत पथकासह उत्तर कोरियात गेले आणि १० दिवसांत हजारावर रुग्णांचे मोतीबिंदू त्यांनी काढले. नॅशनल जिओग्राफिकच्या ‘इनसाइड नॉर्थ कोरिया’ (२००७) या माहितीपटात हे पाहायला मिळतं. एवढा वेग येतो कुठून?

डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणतात. शहरांत तो बहुधा ‘फेको’ यंत्राने फोडून शोषून घेतात. यंत्र महाग, त्याला वीज हवी, देखभाल हवी. शिवाय वर्षानुवर्षं अंगावर काढलेला, पिकून टणक झालेला मोतीबिंदू त्यालाही जड जातो. रुइत यांनी भर दिला तो हातावर.

इंजेक्शनने डोळा बधिर करतात. रुग्ण जागाच असतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागावर छोटा छेद घेतात. हा छेद सरळ आत जात नाही. थराथरांतून तिरका बोगदा करत तो डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात उघडतो आणि आतल्या बाजूला रुंद होतो, म्हणून टणक गाभा अख्खा बाहेर घेता येतो. उरलेला गर धुऊन काढायचा, भिंगाच्या मूळ पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचं. शेवटी डोळ्यातलाच दाब बोगद्याचं आतलं तोंड मिटवून धरतो. टाका लागत नाही, तो काढायला परत यावं लागत नाही. डोंगर उतरून आलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी याचं मोल फार. सराईत हाताला पाच-दहा मिनिटं पुरतात.

भिंगाचाही प्रश्न होताच. परदेशी भिंगं गरिबाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून काठमांडूच्या तिलगंगा नेत्रसंस्थेने ती स्वतः बनवायला घेतली. किंमत काही डॉलरवर आली.

माहितीपटात पट्टी सुटल्यावर उत्तर कोरियातले रुग्ण आधी देशाचे नेते असलेल्या किम पिता-पुत्रांच्या तसबिरींपुढे वाकून आभार मानतात. ते दृश्य अस्वस्थ करतं, पण त्यांना दिसू लागलेलं असतं, ते खरं. मला मोठं वाटतं ते रुइत यांनी तिथल्या डॉक्टरांनाही हे तंत्र शिकवलं, हे. पथक परतलं तरी हात मागे राहतात.

आपल्याकडे अजूनही ‘पिकू दे, मग काढू’ म्हणतात. पिकण्याची वाट पाहू नका. जितका टणक, तितका काढायला अवघड. घरातल्या आजी-आजोबांना धूसर दिसत असेल, तर याच आठवड्यात डोळे दाखवून घ्या.