शेवटच्या पानावरचं कलम

दिव्यांग मुलासाठी ट्रस्ट करायला आलेले आईवडील मसुद्याची पहिली पानं डोळ्यांत तेल घालून वाचतात. कोणत्या एफडी, कोणता फ्लॅट, विश्वस्त कोण. शेवटचं पान येईस्तोवर सगळ्यांना सही करून मोकळं व्हायचं असतं. वकील म्हणून मी नेमकी तिथेच अडून बसते. मुलाच्या पश्चात उरलेला पैसा कोणाकडे जाणार, हे त्या पानावर लिहिलेलं असतं. आईवडिलांना तो विचारच नको असतो. माझ्या मते सगळ्या डीडमधलं तेच सर्वांत जोखमीचं कलम.

एक निवृत्त शिक्षक दांपत्य आलं होतं. मुलाला डाउन सिंड्रोम, वय तिशीच्या आसपास. विश्वस्त शिक्षकांचा धाकटा भाऊ, सज्जन माणूस. उरलेला पैसा त्या भावाच्या मुलांना. मी म्हटलं, "काका, ह्याच्या खोलीत एसी बसवायचा की नाही हे जो ठरवणार, त्याच्याच घरात न बसवलेल्या एसीचे पैसे जाणार आहेत." भाऊ ताडकन उठले. "म्हणजे मी पुतण्याचं खाईन?" ते खाणार नाहीत, याची मलाही खात्री होती. पण पंचवीस वर्षांनी त्या खुर्चीत दुसरंच कोणी असणार, आणि डीड त्या माणसासाठी लिहायचं असतं. शिक्षकबाई म्हणाल्या, मग तो पुढे ज्या वसतिगृहात राहील त्यांना देऊ. तिथेही तीच गाठ, कारण त्याच्यावर कमी खर्च करण्यात वसतिगृहाचाच फायदा. शेवटी वाट काढली ती रागावलेल्या काकांनीच. मुलगा लहानपणी ज्या शाळेत जायचा तिला द्यायचं ठरलं. त्याच्या आजच्या खर्चात त्या शाळेला काही बोलायचा अधिकार नव्हता.

विश्वस्त कोण, यावर बहुतेक घरांत एकच उत्तर तयार असतं: "पोरगी बघेल ना." एका बैठकीत ती पोरगी शेजारीच बसली होती. तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, "बघेन. पण मला सोडता येईल असं लिहा, आणि सोबत कोणीतरी पगारी माणूस द्या." वडिलांचा चेहरा उतरला. मला मात्र तिचं बोलणं फार शहाणपणाचं वाटलं. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमानुसार विश्वस्तपद एकदा स्वीकारलं की लाभार्थीची संमती, कोर्टाची परवानगी किंवा डीडमधली तशी मुभा असल्याशिवाय ते सोडता येत नाही. लाभार्थी संमती देण्याइतका सक्षम नसेल, तर डीडमध्ये मुभा लिहिणं किती गरजेचं आहे ते उघड आहे. मोबदल्याचंही तसंच. लिहिलेला नसेल, तर विश्वस्ताला तो मागायचा हक्क नाही. शिवाय डीडमध्ये वेगळं काही नसेल तर सगळ्या विश्वस्तांनी मिळून काम करायचं असतं. तिघांतला एक न्यू जर्सीत असला की गादी बदलायचा चेकसुद्धा अडतो. त्या मुलीच्या ट्रस्टमध्ये आम्ही सगळं घातलं: बाहेर पडायची मुभा, फी घेऊन काम करणारा सहविश्वस्त, ठरावीक रकमेपर्यंत दोघांच्या सह्या पुरेशा. तिने सही केली तेव्हा वडील पहिल्यांदाच तिला "तुला जमेल ना गं?" असं म्हणाले.

यानंतरच्या कचेऱ्यांच्या फेऱ्या थोडक्यात सांगते. अनेकजण हा कागद घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे जातात. ते कार्यालय १९५० च्या कायद्याखालच्या सार्वजनिक ट्रस्टांचं. घरगुती ट्रस्टची नोंद तिथे होत नाही. बँकेच्या काउंटरवर मात्र तोच नोंदणी क्रमांक मागतात, आणि तिथे शांतपणे समजावत बसावं लागतं. कर हा आणखी एक खड्डा. लाभार्थींचे वाटे ठरलेले नसले की ट्रस्टच्या उत्पन्नावर सर्वांत वरच्या दराने कर लागू शकतो. मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणून पहिल्याच भेटीत मी मृत्युपत्राचा विषय काढते.

पैशांची सोय झाली म्हणजे माणसाची झाली, हा समज मला सर्वांत जास्त छळतो. मूल अठराचं झालं की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तिच्यात जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. पालक आणि विश्वस्त शक्यतो वेगळे ठेवा, असं मी आग्रहाने सांगते. एकाने मागायचं, दुसऱ्याने द्यायचं, म्हणजे दोघांनाही एकमेकांना विचारता येतं.

डीडसोबत मी आईकडून एक पत्र लिहून घेते. कुकरच्या शिट्टीला घाबरतो. दाताच्या डॉक्टरकडे जाताना आदल्या दिवशी सांगायचं नाही. भात गार करून द्यायचा. विश्वस्तांपैकी कोणी मुलाला ओळखत नसेल अशा दिवसासाठी हा कागद असतो. तो नोंदवायचा नसल्यामुळे कधीही बदलता येतो. एका आईंचा दर दिवाळीनंतर फोन येतो. गेल्या खेपेला म्हणाल्या, "मॅडम, तो आता पोळी स्वतः तोडून खातो. भरवावं लागतं हे वाक्य काढून टाका."